दाजी, झेपंल का?

२०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या हिंगोली जिल्ह्यात लोकांनी एकमेकांना 'राम राम' घालणं सोडून दिलं आणि त्या जागी 'बघितला का?' असं विचारायला सुरुवात केली. काय बघितला, हे विचारणारा सांगत नसे आणि ऐकणाराही विचारत नसे. न्हाव्याच्या खुर्चीत मान मागे टाकली, की वस्तरा गळ्यावर ठेवून तो म्हणे, "सर, बघितला का?" किराणावाला शेंगदाणे तोलता तोलता तेच विचारी. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाच्या रांगेत उभा होतो, तर पुढच्या गृहस्थांनी वळून "बघितला का?" म्हटलं. मी भाबडेपणाने म्हणालो, "कुठला हो, अजून रांगेतच आहे."

"देव नव्हं हो मास्तर. छावा!"

बरं, 'हो, बघितला' म्हणून सुटका होते असंही नाही. लगेच पुढचा प्रश्न यायचा, "रडलात का?" आणि त्यात प्रतवारी होती. नुसतेच डोळे पाणावले असतील तर माणूस काठावर पास. हुंदका फुटला असेल तर फर्स्ट क्लास. 'पिक्चर सुटल्यावर अर्धा तास गाडीला किक मारता आली नाही' असं सांगणाऱ्याकडे सगळे आदराने बघायचे, मग त्याच्या गाडीला बटनस्टार्ट का असेना.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला इतिहास शिकवतो. गणिताच्या सरांनी 'वेळच मिळाला नाही' म्हटलं तर चालून जातं, मला मात्र पळवाट नव्हती, कारण पिक्चर संभाजी महाराजांवरचा. वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून ठरलेला आवाज, "सर, बघितला का?" संभाजी महाराजांना १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरला मुकर्रबखानाने पकडलं आणि ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने त्यांना हालहाल करून मारलं, एवढं फळ्यावर लिहायला मला अर्धं मिनिट पुरतं. "दोन मार्काला येतं, खाली रेघ मारा," असं सांगून मी राजाराम महाराजांना घेऊन जिंजीकडे निघतो आणि वाटेतच तासाची घंटा होते. त्या दोन तारखांच्या मधल्या सव्वा महिन्यात काय झालं, हे पोरांनी आजवर विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आता पोरं बघून आली होती आणि मलाच सांगू लागली होती.

माझी अडचण अशी की मला रक्त चालत नाही. शिवजयंतीच्या रक्तदान शिबिरात मी नावं लिहून घेण्याचं काम मागून घेतो, तेही टेबल खाटांकडे पाठ करून लावलेलं. शुगर तपासायला गेलो तर सुई काढायच्या आधीच सिस्टर माझ्या बायकोला म्हणतात, "यांना जरा धरा."

वास्तविक आमच्या गावच्या माणसाला हे शोभत नाही. आमच्या नदीचं नाव कयाधू, म्हणजे हिरण्यकश्यपूची राणी, प्रल्हादाची आई. नरसिंहाने उंबऱ्यावर बसून पोट कसं फाडलं, आतडी गळ्यात कशी घातली, हे कीर्तनात तालासुरात ऐकत आणि हातावरचा सुंठवडा चघळत आम्ही लहानाचे मोठे झालो. हिंगोलीच्या दसऱ्याला दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा आहे. तिथे दरवर्षी दहा तोंडांचा माणूस आम्ही लेकराबाळांसह जाळतो, वर भेळ खातो. पण रावण जळताना फटाके उडतात, रक्त उडत नाही. माझी सोय त्यात होती.

माझा मेहुणा वसमतकडचा, हळदीचा बागायतदार. कपाळावर चंद्रकोर, गालभर दाढी, बुलेटच्या नंबरप्लेटवर नंबर शोधावा लागतो इतकं बाकीचं लिहिलेलं. पहिल्या दिवशी पहिला शो बघायची त्याची प्रतिज्ञा होती, पण नेमकी हळद काढणीला आलेली. मजूर मिळाले तर हळद शिजवायचा कुकर मिळेना, कुकर मिळाला तर मजूर पळालेले. अखेर शिजवलेली हळद वाळत घालून तो दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे येऊन थडकला.

"दाजी, झेपंल का तुम्हाला? शेवटचा अर्धा-पाऊण तास लई बेक्कार हाय म्हन्तेत."

"तुला झेपेल का?"

"मला?" तो इतक्या मोठ्याने हसला की ओट्यावरची मांजर उठून गेली. "दाजी, मावळ्याचं रक्त हाय ह्ये." त्याने दंडावर थाप मारली. मी त्या दंडाकडे न बघता मान हलवली.

"मीपण येते," बायको आतून म्हणाली.

"अगं, फार मारामारी आहे म्हणतात. तुला सोसेल का?"

"माझी दोन बाळंतपणं झालीत. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

मी दवाखान्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर होतो. पण तो विषय तिने वाढवला नाही आणि मीही वाढवला नाही.

आमच्या पिढीला ऐतिहासिक पिक्चरची सवय लावली ती भालजी पेंढारकरांनी. 'छत्रपति शिवाजी' १९५२ चा, 'मराठा तितुका मेळवावा' १९६४ चा. त्यात लढाई व्हायची, पण ती सभ्य माणसांत होते तशी. तलवारीवर तलवार खण्णकन वाजायची, कुणीतरी छातीवर हात ठेवायचं आणि पडण्यापूर्वी पल्लेदार भाषण करायचं. कपडे खराब व्हायचे नाहीत. धोब्याला ओळखू येऊ नये की लढाई होऊन गेली. पुढे छोट्या पडद्यावर 'स्वराज्यरक्षक संभाजी' आली, तेव्हाही मोठी सोय होती. प्रसंग अंगावर यायला लागला, की मध्येच साबणाची जाहिरात यायची, आपण पाणी पिऊन यायचो, धीर गोळा करायचो. शिवाजी सावंतांची 'छावा' कादंबरी १९७९ ची. ती मी डी.एड.ला असताना वाचली आणि शेवटची पानं पटापट उलटली. पुस्तकाचं पान उलटता येतं. टॉकीजात पान उलटायची काही तजवीज नसते.

तसं पाहिलं तर या दुखण्याला आपल्याकडे शंभर वर्षं होऊन गेली आहेत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. त्यात भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका हुबेहूब उतरला होता, की सेन्सॉरने त्याच्यावर कात्री चालवली. बिचारा कीचक. दहाच वर्षं आधी, १९१० मध्ये, खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर सरकारने बंदी घातली होती, कारण लोकांना त्या कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता. म्हणजे रंगमंचावर मरायची परवानगी नाही आणि पडद्यावर मेला तर तेवढंच कापलं.

आता काळ पुढे गेला आहे. 'छावा'चा ट्रेलर जानेवारीत आला, तेव्हा त्यातही लोकांना एक गोष्ट खटकली आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ती काढून टाकली. ती गोष्ट म्हणजे लेझीम. महाराज लेझीम खेळताना दाखवायचे नाहीत, यावर गावोगाव एकमत झालं. मेहुण्याने तर त्या दिवशी भाकरी अर्धीच खाल्ली होती. तापलेल्या सळया, साखळदंड आणि मीठ यांबद्दल मात्र कुणी हूं की चूं केलं नाही. नाच गेला आणि हाल राहिले. मला विचारलं असतं, तर मी लेझीम अर्धा-पाऊण तास ठेवायला सांगितली असती.

तिकिटं मेहुण्याने 'ओळखीच्या माणसाकडून' काढली. ओळखीच्या माणसाकडून तिकीट काढलं की ते पडद्यापासून तिसऱ्या रांगेचं मिळतं, हा अनुभव घेण्यासारखा आहे. तिथून संभाजी महाराज झालेल्या विकी कौशलचं कपाळ आणि हनुवटी एकाच वेळी दिसत नाही. कपाळ बघून झालं की मान खाली करून हनुवटीकडे यावं लागतं, तोवर वाक्य संपलेलं असतं.

पिक्चर लागला होता १४ फेब्रुवारीला, म्हणजे तरुण पोरापोरींच्या सणाला, आणि त्या दिवशी गुलाबाची फुलं घेऊन गेलेली जोडपी कशा चेहऱ्याने बाहेर आली याच्या कथा आम्ही ऐकल्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा गर्दी हळदीवाल्यांची होती. आसपासच्या खेड्यांतून टेम्पो भरभरून आलेले. हंगाम असल्याने प्रत्येकाचा हात मनगटापर्यंत पिवळा. हळद काढणाऱ्याचा हात दहा वेळा धुतला तरी नखांच्या कडांना आणि तळव्याच्या रेषांत ती बसून राहते. भविष्य सांगणाऱ्याला बॅटरी लागू नये इतक्या त्या रेषा ठळक दिसतात. दारावरच्या पोराने फाडलेली तिकिटं पिवळी, पॉपकॉर्नच्या पुड्यांवर पिवळी बोटं, खुर्च्यांचे हात पिवळे. सगळ्या टॉकीजचं लग्न ठरल्यासारखं वाटत होतं.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर आलं. यूए, सोळा प्लस. माझ्या डाव्या हाताला सात-आठ वर्षांचं एक पोरगं होतं. त्याची आई त्याला म्हणाली, "वाच बरं काय लिहिलंय." त्याने मोठ्याने वाचून दाखवलं आणि आईने कौतुकाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पुढच्या रांगेत नऊवारीतल्या एक आजी, पिवळे हात मांडीवर जोडून, देवळात बसतात तशा ताठ.

आणि मग आवाज सुरू झाला. आमच्या जिल्ह्याला आवाजाचं कौतुक नाही. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे नावाचं गाव आहे, तिथे जमिनीच्या पोटातून गडगडाट ऐकू येतो. २१ मार्च २०२४ ला सकाळी ४.५ रिश्टरचा धक्का बसला, तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर आलं आणि मी कूस बदलून पुन्हा झोपलो, असं बायको चारचौघांत सांगते. पण टॉकीजातल्या पहिल्या तोफेने माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ठेवला. औंढ्याजवळ 'लिगो' नावाची प्रयोगशाळा उभी राहणार आहे, २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि दूर आकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्याची थरथर त्यांना इथे बसून कळणार. ते यंत्र चालू व्हायच्या आत हा पिक्चर येऊन गेला, हे शास्त्राचं नशीबच म्हणायचं. नाहीतर आम्ही गेलो त्या रविवारी दुपारी तीनच्या खेळाला अमेरिकेत शास्त्रज्ञांचे फोन वाजले असते, की हिंगोलीकडे काहीतरी फार मोठं आदळलंय.

पूर्वार्ध मेहुण्याने उभ्याने पाहिला. बुऱ्हाणपूरवर छापा पडला, मेहुणा उठला. महाराज सिंहाशी लढले, मेहुणा खुर्चीवर चढला. आशुतोष राणांचे हंबीरराव घोड्यावरून आले, तेव्हा त्याने अशी काही गर्जना दिली, की शेजारचं पोरगं आईला म्हणालं, "ह्ये पिक्चरमधले हायेत का?" मागच्या लोकांनी "बसा ना भाऊ" म्हटलं, तर त्याने त्यांनाच उभं केलं. मलाही उत्साह आला. शत्रूचं रक्त सांडत होतं तोवर, खरं सांगतो, मला विशेष त्रास झाला नाही. मध्यंतरात मी समोसा खाल्ला आणि मेहुण्याला म्हणालो, "झेपतंय की!"

"म्या म्हनलो नव्हतो?"

संगमेश्वरला वेढा पडला तसा मी चष्मा पुसायला काढला. चष्मा पुसायला साधारण किती वेळ लागतो, याला काही नियम नाही. मी आधी शर्टाच्या टोकाने पुसला, मग रुमालाने, मग वाफ सोडून. मग दांड्या पुसल्या. दांड्यांचे स्क्रूसुद्धा पुसले. शेवटी तोंड दुखायला लागलं म्हणून घातला, तर तो इतका स्वच्छ झाला होता, की कधी नव्हे ते मला सगळं अगदी लख्ख दिसलं. मी ताबडतोब डोळे मिटले.

पण डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. तेव्हा मी दुसरा उपाय सुरू केला. हिचकॉकच्या 'सायको'त, १९६० च्या त्या पिक्चरमध्ये, न्हाणीघरातलं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप होतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मी मनात जप लावला, 'चॉकलेट आहे, चॉकलेट आहे.' जप हळूहळू ओठांवर आला असावा, कारण शेजारच्या पोराने हात पुढे केला आणि म्हणाला, "मला पन."

माझ्याकडे चॉकलेट नाही हे कळल्यावर त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "काका, डोळे कामून मिटले?"

"कचरा गेलाय."

"दोन्हीत?"

मी गप्प बसलो. पोरगं मनाचं मोठं होतं. ते म्हणालं, "भेऊ नका, खोटं असतंय ते. मी सांगतो कवा उघडायचे." आणि त्याने माझी जबाबदारी घेतली. "थांबा... थांबा... आता उघडा. नका नका, हाय अजून!" सोळा प्लस.

उजव्या बाजूला बायको मात्र पडद्यावरून नजर काढत नव्हती. मला तिचं कौतुक वाटलं. इतक्यात ती माझ्या कानाशी लागली, "अहो, त्याचं विणकाम बघा."

अक्षय खन्नाचा औरंगजेब समोर एवढं सगळं चाललेलं असताना शांतपणे टोपी विणत बसलेला होता. आमच्या घरातला प्रत्येक रुमाल, टीव्हीचं झाकण आणि टेलिफोन जाऊन पंधरा वर्षं झाली तरी त्याच्या स्टुलावरचा चौकोन, हे सगळं तिच्या क्रोशाचं आहे. "बघा, बोलताना टाका चुकत नाही त्याचा. म्हातारा आहे, पण हात बसलाय." मागच्या रांगेतून कुणी बाई म्हणाल्या, "खांब घालतोय की साखळी हो?" बायको म्हणाली, "दिसू देत नाहीत मेले, कॅमेरा सारखा तिकडेच नेतात."

आणि मग मीठ आलं. मी पाहिलं नाही, मला आवाजावरून कळलं, कारण पुढच्या रांगेतल्या आजी उठून उभ्या राहिल्या आणि पिवळा हात पडद्याकडे करून ओरडल्या, "मीठ कामून चोळूलालास रे मुडद्या! हळद लाव, हळद!"

एरवी टॉकीजभर हसू फुटलं असतं. कुणी हसलं नाही. दोघी-तिघी बायांनी "व्हय माय" म्हटलं.

त्याच क्षणी लाईट गेली. पडदा काळा झाला आणि आख्ख्या टॉकीजातून पुरुषांचा एक मोठा ओरडा उठला, "ए, लाईट! लाईट!" शब्द रागाचे होते, पण स्वर चांगल्या पावसानंतरचा होता. मी डोळे उघडले आणि पोटभर श्वास घेतला. हाच मोका साधून पायाने चपला शोधल्या आणि "फोन आलाय" असं बायकोला सांगून उठलो. मोबाईल माझ्या खिशात नव्हता, तो तिच्याच पर्समध्ये होता. पण अंधार होता.

बाहेर चहाच्या गाड्यावर मी एकटा असेन, अशी माझी समजूत होती.

तिथे बसायला जागा नव्हती. दाढ्या, चंद्रकोरी, पीळदार मिशा, मनगटात जाड कडी, पाठीवर वाघांची चित्रं असलेले टी-शर्ट. पूर्वार्धात ज्यांनी छत दणाणून सोडलं होतं, ते झाडून सगळे वीर हातात कटिंग घेऊन आकाशाकडे बघत उभे होते. प्रत्येकाला काही ना काही काम निघालं होतं. कुणाचा फोन, कुणाची गाडी नीट लॉक झाली की नाही याची शंका. एक पैलवान सारखा म्हणत होता, "आत लई उकडूलालंय," आणि फेब्रुवारीची हवा अंगावर शाल घ्यावी अशी होती. चहावाला अनुभवी दिसला. त्याने आधणात दूध वाढवत स्वतःशीच म्हटलं, "मीठ झालं वाटतं." त्याला टाइमिंग पाठ होतं.

कडेच्या बाकड्यावर, बुलेटच्या आडोशाला, माझा मेहुणा बसला होता. चहा निवला होता आणि त्यावर साय धरली होती.

"तू कधी आलास?"

"लाईट जायच्या आधीच," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "दाजी, घरी ताईला सांगू नका."

"ती आतच आहे."

"आँ? एकटी?"

"विणकाम बघतेय."

आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो. आतून आवाज येत होता, लाईट आली होती. ए. आर. रहमानचं संगीत पत्र्यातून गाळून येत होतं आणि त्याच्या चढउतारावरून आम्ही आत कुठवर आलंय याचा अंदाज बांधत होतो. गाड्यावरचे सगळेच बांधत होते. आवाज वाढला की कुणीतरी "अजून एक चहा" म्हणायचं. मध्येच एका पोराने उगाच गर्जना द्यायला तोंड उघडलं आणि इतरांकडे बघून तसंच मिटलं.

पिक्चर सुटला तेव्हा आधी बायका बाहेर आल्या. आजी पदराने डोळे पुसत होत्या. त्या कुणाशीच बोलल्या नाहीत. टेम्पोच्या मागच्या फळीवर चढताना तेवढं म्हणाल्या, "लेकरानं लई सोसलं माय." मला तो दिवसभरात भेटलेला पहिला माणूस वाटला, ज्याने पिक्चर पाहिला होता.

गाड्यावरची वीरमंडळी मात्र क्षणात पांगली आणि बाहेर पडणाऱ्या गर्दीत अशी मिसळली, की आपण आतूनच आलो असं त्यांना स्वतःलाही वाटायला लागलं असेल. रुमाल बाहेर निघाले. पैलवान तर सरळ डोळे चोळून लाल करत होता. शेजारचं पोरगं आईचं बोट धरून आलं आणि मला बघून आनंदाने ओरडलं, "काका, झालं! उघडा आता!" मी मोठ्या कष्टाने दुसरीकडे पाहिलं.

रात्री जेवताना बायकोने आईस्क्रीम काढलं. चॉकलेटचं होतं. तिने ते एकटीने संपवलं.

पुढे मार्चमध्ये बातमी आली, की पिक्चरमध्ये बुऱ्हाणपूरच्या खजिन्याचं बघून मध्य प्रदेशात असीरगडाजवळ लोक रात्री बॅटऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं उकरू लागले, मोगलांची सोन्याची नाणी सापडतील म्हणून. लोकांनी ज्या पिक्चरमधून त्याग आणि बलिदान शिकावं, त्यातून फावडं कुठे मारायचं ते शिकले, असं मी मेहुण्याला फोनवर म्हणालो. तिकडून काही वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "दाजी, आपल्याकडून पन गेली असंल की नाही मोगलांची फौज? औंढ्याला आलती म्हन्तेत की, मधमाशा उठल्या आन् पळाली ती." मी म्हटलं, "तशी दंतकथा आहे." "मंग पळताना काही पडलं असंल ना?" हळद काढलेलं रान तसंही खणलेलंच होतं, एवढीच त्याची मेहनत वाचली.

पण खरी परीक्षा त्याच्या आधीच झाली. पिक्चर पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी मेहुण्याबरोबर हळदीच्या मार्केट यार्डात गेलो होतो. सौदे लागायला वेळ होता, पोत्यांवर पाच-पंचवीस शेतकरी बसलेले. कुणीतरी विचारलंच, "बघितला का?"

"बघितला का म्हंजे!" मेहुणा पोत्यावर पाय देऊन उभा राहिला आणि त्याने पूर्वार्ध असा काही सांगितला, की रस्त्यावरचे हमाल पाठीवरचं ओझं घेऊन ऐकत थांबले. सिंहापाशी आला तेव्हा त्याने शेजारच्या म्हाताऱ्याचा जबडा धरून दाखवला. संगमेश्वरापर्यंत आला आणि अडला.

"मंग?" म्हातारा जबडा चोळत म्हणाला. "शेवटाला महाराज आन् त्यांचे सोबती कवी कलश साखळदंडात बोलतेत ते लई भारी हाय म्हन्तेत. काय बोलतेत हो?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. आदल्या रात्रीच आम्ही दोघांनी बायकोला हे विचारून ठेवायचा प्रयत्न केला होता. "मला काय विचारता?" ती म्हणाली होती, "मी टाके मोजत होते."

"ह्ये दाजी सांगतील," मेहुणा म्हणाला. "इतिहासाचे मास्तर हायेत."

पंचवीस माणसं माझ्याकडे वळली. मी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. तोंड उघडलं, पण काय बोलावं सुचेना म्हणून मिटलं, आणि नुसताच हात हलवला.

कुणी काही बोललं नाही. मग म्हाताऱ्याने हळूच बाजूच्याला सांगितलं, "नको इचारू. मास्तरच्या लई मनाला लागलंय." त्याने मला पोत्यावर बसवलं, पोराला पिटाळून चहा मागवला आणि सौदे सुरू होईपर्यंत माझ्या पाठीवरून पिवळा हात फिरवत राहिला. पैसेही त्यानेच दिले. शर्टाचा डाग मात्र अजून निघालेला नाही.